आत अजून एक

पहिलं बाळ रडलं की लेबर रूममधल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. मावशी दुपटं घेऊन धावते, शिकाऊ मुलगी घड्याळात बघून वेळ ओरडते, आई अर्धवट उठत 'काय झालं?' म्हणून विचारते. त्या मिनिटभरात बाळंतिणीच्या पोटाकडे कुणाचंच लक्ष नसतं. नोकरीत मी पुष्कळ गोष्टींना भ्यायले. बीपीच्या झटक्यांना भ्यायले, मध्यरात्री दारू पिऊन येणाऱ्या नातेवाइकांना भ्यायले. ती भीती सवयीने कमी झाली. या एका मिनिटाची मात्र शेवटच्या ड्युटीपर्यंत गेली नाही.

मी १९९० साली मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागले आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. मधली सहा वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात काढली. लोक त्याला 'काचेची पेटी' म्हणतात. बाकी सगळी लेबर रूमला. हातून किती जुळी झाली ते मोजलं नाही. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला असताना आम्हांला शिकवलं होतं, ऐंशी बाळंतपणांत एक जुळं आणि ऐंशी गुणिले ऐंशीत एक तिळं. मुळात हेलिन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्ये हा आकडा ८९ असा मांडला होता. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी तो लक्षात राहावा म्हणून ८० करून टाकला. प्रत्यक्षात चार-चार महिने एकही जुळं नाही आणि मग एका आठवड्यात तीन, असंच व्हायचं.

१९९२चा पावसाळा. नोकरीचं दुसरं वर्ष संपून तिसरं लागलं होतं. रात्री दीडच्या सुमारास बैलगाडीतून एक बाई आली. तिसरी खेप. आधीच्या दोन मुली, दोन्ही घरीच झालेल्या. हातात कार्ड नाही, नऊ महिन्यांत एकदाही तपासणी नाही. आली तीच कळा देत. टेबलवर घेतली आणि दहा मिनिटांत मुलगा झाला. अंगाने लहान, पण खणखणीत रडला. त्या काळी बाळाचा खांदा बाहेर आला की लगोलग मेथर्जिनचं इंजेक्शन द्यायची पद्धत होती, वार लवकर पडावी आणि रक्त कमी जावं म्हणून. सिरिंज मी आधीच भरून ट्रेमध्ये ठेवली होती. दिली. आपला हात किती चलाख आहे याचं मला तेव्हा कौतुक होतं, हेही सांगून टाकते.

वार पडेना. पोटावर हात ठेवला तर गर्भाशयाचा माथा बेंबीच्या बराच वर, आणि दगडासारखा घट्ट. बाळ बाहेर आल्यावर तो बेंबीच्या खाली उतरायला हवा. मला वाटलं लघवी तुंबली असेल. नळी घातली, अर्धी वाटीसुद्धा लघवी आली नाही. मग वाटलं, आत रक्ताच्या गाठी साचल्या असतील. एवढं पोट कशाचं हे कळायला मला सात-आठ मिनिटं लागली, आणि कळलं तेही हाताला नाही कळलं. खाली एक पाऊल दिसलं तेव्हा डोळ्यांना कळलं.

मेथर्जिन गर्भाशय आवळतं ते सैल होत नाही. आत बाळ असेल तर वारेतून त्याला येणारं रक्त तिथेच अडतं. मावशी पावसात धावत क्वार्टरवर गेली, डॉक्टर आले, त्यांनी मोठ्या कष्टाने बाळ काढलं. मुलगा होता. पहिल्यापेक्षा थोडा भरलेलाच. पांढराफटक. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत मी त्याच्या तोंडात हवा भरत राहिले.

"जुळ्यांत असं होतं," ते म्हणाले. सिरिंजबद्दल त्यांनी विचारलं नाही. केसपेपरवर मी वेळेसकट लिहिलं होतं. त्यांनी वाचलं असेल, नसेल. रजिस्टरात मी एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या आणि जुळ्यांसाठी काढतात तसा दोन्हींना जोडणारा कंस डाव्या बाजूला काढला. वरच्या ओळीत 'पुरुष, जिवंत'. खालच्या ओळीत 'पुरुष, मृत'. सकाळी नवरा पेढे घेऊन आला. दोन मुलींवर मुलगा झाला होता. गेलेल्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही, उलट माझ्या पाया पडला.

पद्धतच तशी होती, हे खरं. पण पोटावर हात ठेवायला कुठल्या आदेशाची गरज नव्हती. आज भिंतीवरच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं: बाळ झाल्यावर पोट चाचपून आत दुसरं नाही याची खात्री करा, मगच ऑक्सिटोसिन १० युनिट. नवीन मुलींना ती दहा पायऱ्यांतली एक पायरी वाटते. त्या घाईत हात टेकवल्यासारखा करतात. मग मी ओरडते. ओरडायचे, म्हणायला हवं आता.

त्या रात्रीनंतर मला पोटं तपासण्याचं वेड लागलं. तालुक्याला सोनोग्राफी नव्हती, जे काय ते हाताने आणि लाकडी नळीने. महिन्यांच्या मानाने पोट मोठं, दोन टणक गोल भाग हाताला लागताहेत, तिसराही लागतो आहे, हातपाय चारही बाजूंनी, असं असेल तर संशय घ्यायचा. मग दोघी सिस्टर दोन बाजूंनी नळी लावून एकाच वेळी ठोके मोजायच्या. एकमेकींचं ऐकू नये म्हणून बोटांनी खुणा. मिनिटाला दहा ठोक्यांचा तरी फरक आला तर हृदयं दोन. ऐकायला सोपं वाटतं. वॉर्डात तीन बाळं रडत असताना आणि खिडकीखाली टेम्पोवाला हॉर्न मारत असताना करून बघावं.

या वेडात माझी फजितीही झाली. एका बाईला पाणी जास्त होतं, पोट अवाढव्य दिसायचं. मी ठासून सांगितलं, जुळी आहेत. घरच्यांनी हौसेने दोन पाळणे आणले, डोहाळजेवणात दोन-दोन करंज्या, दोन-दोन पेढे झाकून ठेवले. झालं एकच. सासूबाई तीन दिवस वॉर्डात मला गाठून विचारत होत्या, "दुसऱ्याचं काय केलंत ते सांगा." मी दुसरं कुणाला देऊन टाकलं असा त्यांचा समज शेवटपर्यंत गेला नसावा.

जुळं केळं खाल्लं म्हणून जुळी होतात हे तर प्रत्येक घरात. एका बाईने मला शपथेवर सांगितलं होतं की तिने जोडकेळं नुसतं हातात धरलं होतं, खाल्लं जावेने. आणि जुळी मात्र हिला. खरी गोष्ट कमी रंजक आहे. एकाच बीजाचे दोन भाग होऊन होणारी एकसारखी जुळी जगभर जवळपास सारख्याच प्रमाणात होतात, हजारी तीन-चार. ती कुणाच्या घराण्यातून येत नाहीत. दोन बीजांची वेगळी. ती आईच्या माहेरच्या बाजूने येऊ शकतात, तिचं वय वाढलं, खेपा वाढल्या तरी वाढतात. 'आमच्या घराण्यात कुणाला आवळीजावळी नाहीत' असं तोऱ्यात सांगणाऱ्या सासरच्यांना मी म्हणायची, तुमच्या घराण्याचा इथे काही संबंधच नाही. अलीकडे तिसरं कारण आलं आहे. मूल होत नाही म्हणून बीज फुटायच्या गोळ्या सोनोग्राफीशिवाय, अंदाजाने देणारे दवाखाने गावोगाव आहेत. एक मुलगी लग्नानंतर दीड वर्षात अशा गोळ्यांनी तिळं घेऊन आमच्याकडे आली. दीड वर्ष म्हणजे काही उशीर नव्हता. सासूला घाई होती.

सोनोग्राफी आली आणि आमच्या हातांची किंमत जरा उतरली. मला त्याचं दुःख नाही. तिने एक गोष्ट दाखवली जी हाताला कधीच कळली नसती: वार एक आहे की दोन. जुळी आहेत एवढं ऐकून लोक खूश होऊन घरी जातात. डॉक्टरांना हवं असतं ते हे. अकरा ते चौदा आठवड्यांत मधला पडदा वारेला कसा चिकटलाय ते नीट दिसतं, पुढे ओळखणं अवघड होतं. वारा दोन असतील तर प्रत्येकाचा शिधा वेगळा. एकाच वारेवर दोघं असतील तर दर पंधरा दिवसांनी तपासणी हवी, कारण आतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहू शकतं.

हे वाक्य मी बरीच वर्षं प्रशिक्षणात ऐकत होते. मग एकदा ते टेबलवर पाहिलं. एक बाळ तांबड्या कांद्यासारखं, गुबगुबीत, कातडी ताणलेली. दुसरं त्याच्या निम्म्या वजनाचं आणि कागदासारखं. माझ्यासोबतच्या मुलीने आपसूक मोठ्याला सशक्त समजून बाजूला ठेवलं आणि बारक्याकडे धावली. खरं तर दोन्हीही तितकीच आजारी होती; एकाच्या हृदयावर जास्तीच्या रक्ताचा भार होता, दुसऱ्याच्या अंगात रक्तच नव्हतं. बारकं जगलं. लाल बाळ दुसऱ्या रात्री गेलं. हल्ली मोठ्या शहरांत पोटातच दुर्बिणीने लेसर लावून त्या वाहिन्या बंद करतात. आमच्या त्या बाईची पहिली सोनोग्राफी सातव्या महिन्यात झाली होती.

आता दुसऱ्या बाळाची वाट बघणं काय असतं ते एकदा नीट सांगते. कारण सिनेमात जुळी होतात तेव्हा एकामागून एक रडतात. आमच्याकडे मध्ये जी शांतता असते ती सिनेमात दाखवत नाहीत.

एका जुळ्यातली पहिली, मुलगी, पहाटे तीन दहाला झाली. नाळेला दोन चिमटे. आईकडच्या बाजूचा अगदी घट्ट, कारण वार सामाईक असेल तर त्या कापलेल्या तोंडातून आतल्या बाळाचं रक्त वाहून जाऊ शकतं. मुलीच्या मनगटाला बँडेजची पट्टी, तिला एक गाठ. दुसऱ्यासाठी दोन गाठींची पट्टी माझ्या खिशात. आणि मग कळा थांबल्या. हे बहुतेक वेळा होतं. बाईला वाटलं, सुटले. "आता चहा द्या," म्हणाली, आणि चक्क डुलकी घेतली. डॉक्टर मॅडमनी पोट तपासलं. आतलं बाळ आडवं. जागा मिळाली तसं ते हातपाय पसरून आरामात पडलं होतं. मॅडमनी बाहेरूनच, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश डोकं खाली ढकललं. ते पुन्हा वर जाऊ नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी पोट धरून उभी राहिले. कणकेची परात दोन्ही हातांत धरून उभं राहावं तसं. तिसरी सिस्टर ठोके ऐकत होती आणि दर वेळी आकडा मोठ्याने सांगत होती. १४०. १३६. १४२. सलाईनमधून ऑक्सिटोसिन थेंब-थेंब सुरू केलं. मावशीने दारातून विचारलं, "बाहेर काय सांगू?" मॅडम म्हणाल्या, "सांगा, एक झालं. दुसरं ठरवतंय."

माझे हात थरथरायला लागले होते, पण सोडवत नव्हते. बाविसाव्या मिनिटाला पोट हाताखाली आवळलं. डोकं टेकलं, मॅडमनी दुसरी पाणमोट फोडली, आणि तीन बेचाळीसला मुलगा झाला. बत्तीस मिनिटं. रडायला त्याने आणखी अर्धं मिनिट घेतलं. दोन गाठींची पट्टी बांधताना माझ्या बोटांत गाठ मारायची ताकद नव्हती, मावशीने बांधली.

यात तिसरा जीव विसरला जातो. दोन बाळं, दोन वजनं, दोन पट्ट्या, बाहेर दोनदा निरोप, या गोंधळात आई टेबलवर एकटी पडलेली असते. जुळ्यांनी ताणलेलं गर्भाशय लवकर आवळत नाही. हाताला नारळासारखं लागायला हवं ते भिजलेल्या कणकेसारखं लागतं आणि रक्त जात राहतं. आरडाओरडा नसतो. एकदा मी स्वतः पांघरूण उचललं तेव्हा खालची चादर, रबर शीट सगळं भिजून रक्त बादलीबाहेर गेलं होतं, आणि ती बाई मला विचारत होती, "ताई, दोघांचे डोळे उघडलेत का?" गर्भाशय चोळणं, इंजेक्शनं, शेवटी डॉक्टरांनी कंडोमचा फुगा आत भरला. ही युक्ती बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांची. महागडा फुगा परवडत नाही म्हणून त्यांनी कॅथेटरला कंडोम बांधून सलाईनने फुगवला. सरकारी दवाखान्यात कंडोमची कधी टंचाई नसते. बाई वाचली. तेव्हापासून जुळ्यांच्या वेळी मी एक सिस्टर फक्त आईसाठी नेमायची. तिने बाळांकडे बघायचंसुद्धा नाही. मुली कुरकुरायच्या.

एसएनसीयूत गेले तेव्हा मला जुळ्यांचा दुसरा भाग कळला. निम्म्याहून जास्त जुळी दिवस भरायच्या आत येतात, म्हणजे आमच्या कक्षात जोड्याच जोड्या. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीआधी टोळ्या ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल नवराबायको मिळून घेतलेली, दोघं मिळून एक कोयता. बाई पोटुशी आहे म्हणून अर्धा कोयता मागे ठेवता येत नाही. अशी एक आठव्या महिन्यात फडातून परत आली, बत्तिसावा आठवडा, कळा चालू. आधीच्या दवाखान्यातल्या नर्सने एक शहाणपणा केला होता. पुढे पाठवण्याआधी डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन, चिठ्ठीवर वेळ लिहून, मग १०८ बोलावली होती. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. २०१४ पासून आम्हां नर्सेसनाही पहिला डोस देऊन पुढे पाठवायची मुभा आहे. कितीजणी देतात हा वेगळा विषय. आमच्याकडे उरलेले तीन झाले, बाळं तिसऱ्या दिवशी आली. १४५० ग्रॅम आणि १२८० ग्रॅम. दोन्ही मुली. थोड्या ऑक्सिजनवर निभावल्या. त्या नर्सला मी फोन करून सांगितलं. तिला वाटलं काहीतरी चुकलं म्हणून फोन आलाय.

आईचं सिझर झालेलं, छातीशी एका वेळी एकच बाळ बांधता येईना. कांगारू पद्धत म्हणजे उघड्या छातीवर बाळ कातडीला कातडी लावून धरायचं. १९७८ मध्ये बोगोटाच्या एका दवाखान्यात पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा डॉक्टरांनी हे सुरू केलं. आमच्याकडेही पेट्या अपुऱ्याच. मी बापाला बोलावलं. उसाच्या पाचटाने दोन्ही हात ओरबाडलेले, कोयता धरून तळव्याला घट्टे पडलेले. शर्ट काढ म्हटल्यावर तो दाराकडे बघायला लागला. आंघोळ करून ये म्हटलं, आला. १२८० ग्रॅमचं बाळ छातीवर ठेवून वरून पट्टा बांधला तर तो श्वास रोखून बसला. "श्वास घे रे बाबा," म्हटलं, "तुझा बघून ती घेते." तेवढ्यात सासू आत आली. जावई उघडा बघून ती पदर तोंडाला लावून उलट्या पावली गेली आणि हा पट्ट्यासकट उठायला लागला. मी खांदे दाबून खाली बसवला. चौथ्या दिवसापासून मात्र तो येऊन स्वतःच विचारायचा, "माझी नंबरची हाय का?" दुसरी, दोन गाठींची, ती त्याची. फडावर मुकादम वाट बघत होता. हा बावीस दिवस बसला. उचल फिटायची राहिली असणार, मला ते विचारायचं धाडस झालं नाही.

त्याच बाळांच्या पाचव्या दिवशी आजी कोरा कागद, पेन आणि हळदकुंकू घेऊन दारात उभी. सटवाई रात्री येऊन नशीब लिहिते, तिला कागद हवा. आत काही न्यायचं नाही हा नियम. आजी वाद घालणारी नव्हती. तिची एकच शंका होती: "चपला काढून, हात धुऊन आली तर तिला आत सोडतेल ना?" मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वॉर्मरच्या खालच्या कप्प्यात ठेवला. आजी गेली आणि पाच मिनिटांनी परत आली. पोरी दोन आहेत, कागद एकच दिला. एकीचं लिहायचं राहिलं तर? दुसरा कागद मी ड्युटीच्या वहीतून फाडून दिला.

सगळ्या आज्या अशा नसतात. मुलगा-मुलगी अशी जोडी असली की मला धडकी भरायची. एक जोडी अडीच आठवड्यांनी घरी गेली, मुलगी मुलापेक्षा ६० ग्रॅमने जास्त. महिन्याने तपासणीला आली तर मुलाच्या गालांना वळ्या, मुलगी जातानापेक्षा हलकी. "एकीच्या अंगावर दोघांना कसं पुरणार," सासू म्हणाली. मुलगा अंगावर, मुलगी बाटलीवर, आणि बाटलीत डब्याची पावडर पुरवून पुरवून, निम्मी. दूध ओढाल तेवढं येतं, दोन पिणारे असले की दोघांचं येतं, हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. त्या सुनेला मी बाजूला घेऊन बसले. ती म्हणाली, "मला कळतं ताई, पण रात्री पाळणा त्या हलवतात, कुणाला उचलून द्यायचं ते त्याच ठरवतात." मुलीला मी पुन्हा भरती करून घेतलं. दोघांना एकाच वेळी, दोन काखेत दोन उशा घेऊन पाजायला शिकवलं, वजन वाढवून पाठवलं. पुढच्या तारखेला ती आली नाही. आशाताईंकडून निरोप पाठवले. गाव बदललं म्हणाले. त्या मुलीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, आणि इथे लिहिलेल्या सगळ्यांत तीच जास्त आठवते.

मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ मध्येच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. आम्ही ते ऐकून होतो. आमच्याकडे बँक म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डातली जास्त दूध असलेली एखादी बाई आणि वाटी-चमचा. नियमात बसत नव्हतं.

हसण्यासारखंही घडायचं. एक ग्रामपंचायत सदस्य, आधीची एक मुलगी, बायकोला जुळे मुलगे झाले. पेढे सोडून हा माझ्यामागे. दोन मुलांची अट आहे, तीन झाली, पद जाईल, तर दोघांची वेळ एकच लिहून एकच दाखला देता का? मी म्हटलं, दाखले दोनच निघतात आणि वेळ असते तीच लिहितात. दुसऱ्या दिवशी वकिलाला विचारून आला, चेहरा फुललेला. आधीचं एकच मूल असेल तर पुढच्या एका बाळंतपणात कितीही झाली तरी ती एकच धरायची, असं कायद्यातच आहे म्हणे. मग मोठ्या आवाजात सगळ्या वॉर्डाला सांगत सुटला, "तीन असून दोनच!" त्याची बायको तिकडे दोन्ही काखेत दोघांना घेऊन बसली होती, तीन दिवस झोपली नव्हती. ती म्हणाली, "ह्यांना म्हणावं, एक रात्र ह्या एकाला सांभाळा."

जुळ्यांची नावं बघत जा. राम-लक्ष्मण ठेवतात, लव-कुश ठेवतात. रामायणातली दुसरी खरी जुळी लक्ष्मण-शत्रुघ्न, सुमित्रेची. ती नावं मी रजिस्टरात एकदाही लिहिली नाहीत. मागून आलेल्याला रामायणातही फारसं काम दिलेलं नाही.

२०१७ साली मी पुन्हा त्याच ग्रामीण रुग्णालयात होते. इमारत नवी झाली होती, लेबर रूमला टाइल्स लागल्या होत्या. महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोठी तपासणी असते. रांग पार गेटपर्यंत. ऑक्टोबरातली ९ तारीख. सुनेला घेऊन एक बाई आत आली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच ना? पावसात बैलगाडीतून आणलं होतं मला." मग सुनेकडे वळून, "ह्यांच्या हातचा हाय तुझा नवरा. दोन होते, ह्यांनी एक तरी वाचवला."

पंचवीस वर्षं मी त्या बाईशी काय बोलायचं याची मनात तयारी केली होती. ड्युटीवरून घरी जाताना, कुकरची शिट्टी मोजताना. रजिस्टरातल्या त्या दोन ओळींचं अक्षर माझं आहे, हेही सांगायचं ठरवलं होतं. बाहेर रांग होती. सून टेबलवर झोपली होती, पोटावरून पदर बाजूला करून.

"एकच हाय ना बघा," बाई म्हणाली. "माझ्यासारखं नको व्हायला."

फायलीत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, त्यात एकच लिहिलेलं होतं. तरी मी हात चोळून ऊब आणली आणि सगळं पोट पुन्हा तपासलं, वरून, दोन्ही बाजूंनी, खालून. ठोके ऐकले. १४४.

"एकच आहे," मी म्हणाले.

"बरं झालं माय." तिने पिशवीत हात घातला आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगा टेबलावर ओतल्या, मातीसकट. शेतातून थेट आणलेल्या. नको म्हणाले, तिने ऐकलं नाही. मी त्या सरकवून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.